तासाला आठ मिली

तिचं नाव अजून ठेवलेलं नाही.
पायातल्या पट्टीवर लिहिलंय: बेबी ऑफ हर्षला गांगुर्डे,
वय सतरा दिवस, वजन दोन किलो नऊशे.
माझं नाव कुठेच नाही,
सह्या मात्र सगळ्या माझ्याच.

मुंबई नाक्याजवळच्या या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
चपला बाहेर काढून
आम्ही दहा मिनिटं आत जातो.
एका वेळी एकानंच जायचं असतं,
पण रात्रपाळीला पगारे सिस्टर असल्या
की त्या दुसरीकडे बघतात.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं:
हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या,
उलट्या बसलेल्या.
मी बारा वर्षं अंबडला गेज तपासतो,
उलटी जोडणी म्हटलं की मला कळतं.
लाल चिठ्ठी लावायची, माल परत.
यांनी नऊ तास उभं राहून
आगकाडीएवढ्या त्या नळ्या
कापून पुन्हा जिथल्या तिथे शिवल्या.
आणि छाती उघडीच ठेवली.
सूज आहे, उद्या-परवा मिटू, म्हणाले.
उद्या किंवा परवा.

वरून पारदर्शक पट्टी.
तिच्याखाली ते हलतं.
मी पाहिलं. हर्षलानं अजून पाहिलेलं नाही,
ती पायांकडे बघते,
अंगठ्याला गुंडाळलेल्या लाल दिव्याकडे.
"नखं वाढलीत बघ," म्हणते.

बाहेर बाकावर भोये, सुरगाण्याचे.
त्यांचा मुलगा सहा वर्षांचा, आज अकरावा दिवस.
फडक्यातली नागलीची भाकरी मोडून
त्यांनी अर्धी माझ्यापुढे केली.
काही विचारलं नाही.
मीही विचारलं नाही.

दर तीन तासांनी हर्षला कोपऱ्यातल्या खोलीत जाते,
दूध काढते, बाटलीवर तारीख घालते, वेळ घालते,
फ्रिजमध्ये ठेवून येते.
चौदा बाटल्या झाल्या.
पोरीच्या ओठाला अजून थेंब लागलेला नाही.

साडेतीनला निफाडहून मेव्हण्याचा फोन.
पारा चारवर आलाय.
बागेत ओळीओळीनं शेकोट्या पेटवून
सगळं घर जागं आहे,
द्राक्षाचा मणी तडकू नये म्हणून.
"धुरानं डोळे चुरचुरतायत," म्हणाला,
मग बराच वेळ बोललाच नाही.
मी फोन कानाला लावून
काटक्यांची तडतड ऐकत राहिलो.

आई म्हणाली, रामकुंडावर नारळ सोडते.
म्हटलं, सोड.
काय सोडायचं ते सोड.

मोजणाऱ्या माणसाला ठाऊक असतं,
आकडा आणि वस्तू यांत थोडा फरक राहतोच.
कारखान्यात त्या फरकाचीही वही असते.
आज रात्रभर मी त्या फरकात बसून आहे.

पाचला पगारे सिस्टर दारात आल्या.
आम्ही दोघं उभे राहिलो. भोयेही उभे राहिले.
"लघवी झाली," त्या म्हणाल्या,
"तासाला आठ मिली."

काल दुपारपासून ती पिशवी कोरडी होती.

हर्षला मोठ्यानं हसली,
आणि मग तिनं ओढणी तोंडात कोंबली.
मी कॅन्टीनच्या कुपनामागे लिहिलं: पाच दहा, आठ.
हात इतका हलत होता
की आठाचा चार दिसतोय.
"आठ म्हणजे बरं ना?" भोयेंनी विचारलं.
मी मान हलवली. त्यांच्या मुलाचं काय,
ते तेव्हाही विचारायचं राहिलं.

नाव आम्ही ठरवलंय.
माझी बहीण सिन्नरहून येईल, कानात कुर्र करेल,
तोवर कुणी उच्चारायचं नाही, हा हर्षलाचा हट्ट.
सकाळच्या दहा मिनिटांत
ते माझ्या जिभेवर आलं होतं.
गिळलं.
तिच्या कानाशी वाकून एवढंच म्हटलं,
"बेबी ऑफ हर्षला,
अजून आठ."