पायगुण

क्युल्माल्लाच्या वेड्यांच्या इस्पितळात, एस्टोनियात,
साल्मे रान्नुत त्रेचाळीस वर्षं राहिली.
त्यातली पहिली एकोणतीस खाटेखाली.
आजाराचं नाव केसपेपरवर तीनदा बदललंय,
जर्मनमधून एस्टोनियनमध्ये, मग रशियनमध्ये.
खाट तीच.

तिथून दिसायचे तेवढेच तिनं काढले : पाय.
साखरेच्या पुड्याच्या निळ्या कागदावर, चुलीतल्या कोळशानं,
तांबडं हवं असलं की बिटाचा रस.
आता ते माझ्या टेबलावर आहेत, मी पट्टी लावते :
सतरा बाय बावीस सेंटिमीटर.
'विषय' या रकान्यात काय भरू?

करकरीत काळे, टाचेला पितळी खिळे :
हे बॅरनच्या वेळचे डॉक्टर. आत येण्याआधी थांबायचे.
तो थांबाही तिनं काढलाय,
दोन टाचा, जुळलेल्या, उंबऱ्याबाहेर.
मग लाकडी तळव्यांचे, टंचाईतले.
मग लष्करी. मग दुसरे लष्करी,
फक्त शिवण निराळी,
आणि ती तिनं टाका न् टाका मोजलेली.
पायगुण बघायचा तर चेहरा कशाला हवा?

मेता नावाच्या परिचारिकेच्या डाव्या चपलेला ठिगळ आहे.
सव्वीस चित्रांत ते झिजत जातं,
सत्ताविसाव्यात नवं.
हे कागद मेतानंच बटाट्यांच्या तळघरात ठेवले,
म्हणून कडांना अजून मातीचा वास.
कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती,
चूल पेटवायला लागतात.

एक कागद मी दोनदा उलटसुलट करून पाहिला.
तारीख नाही. मागे मेताच्या अक्षरात एवढंच : पहाटे.
त्यावर बूट कुणाच्याच पायात नाहीत.
अनवाणी पावलं, दाराकडे वळलेली,
चाळीस तरी. मोजता मोजता एक जोडी लहान लागली.
घोट्याला घोटा इतका खेटून की कोळसा फासलाय.
बाहेर ट्रक उभा होता, हे चित्रात नाही.
खाटेखाली कुणी वाकून पाहिलं नाही,
हे चित्रातच आहे.

त्यानंतर दोन वर्षं नुसत्या फळ्या,
फळ्यांमधली फट, फटीत एक बटण.

आणि मग, वेगळ्याच जाड कागदावर,
लोकरीचे मोजे. वरून पाहिलेले.
डाव्या अंगठ्याशी भोक,
त्यातून नख, त्याला बिटाचा रंग.

रकाना अजून कोराच आहे.
टेबलाखाली मी केव्हा बूट काढून ठेवले
माझं मलाच कळलं नाही.