शंभर फुटाला सहा इंच

जुन्या माणसांनी जमिनीला दोनच नावं ठेवली:
पिकते ती काळी,
वसते ती पांढरी.
आमच्या वस्तीच्या डोक्यावरचा ढिगारा
पांढरा आहे,
पण तिथं वसत कोणी नाही. सरडासुद्धा नाही.
सातबाऱ्यावर त्याला 'पोटखराबा' म्हणतात.

कंपनी गेली तेव्हा मी चौथीत होते.
मोटारी नेल्या, पत्रे नेले, कुंपणाची तार गुंडाळून नेली.
राहिलं ते चुनखडी धुऊन उरलेलं,
पिठासारखं,
आणि दरसाल श्रावणात ते नाल्यातून खाली यायचं.
म्हशी काठावर उभ्या राहायच्या, तोंड घालायच्या नाहीत.
पाणी ओसरलं की शेतात साय धरलेली.
त्या सायीतून ज्वारी
पिवळी उगवायची.

यंदा चैत्रात काम निघालं.
तीन दिवस जब्बारभाईचं जेसीबी,
पुढं टिकाव, फावडं आणि आम्ही सोळा जणं.
ओव्हरसियर किनवटहून आलेला, कोवळा,
नकाशा दगडांनी दाबून म्हणाला,
सोपं आहे.
डोंगराचं पाणी वरच्या वर वळवायचं,
ढिगाऱ्याला शिवू द्यायचं नाही.

लिंबाजी घाटे हसला.
बावीस वर्षं खाणीत काढलेला माणूस, हसला की खोकतो.
'शिवू द्यायचं नाही', म्हणाला,
'ह्या कामाचा आमच्या घराण्याला अनुभव हाय साहेब.
फक्त तवा आमी पाण्याच्या ह्या बाजूला नव्हतो.'
ओव्हरसियर बराच वेळ
नकाशावरचा एकच दगड सारखा करत राहिला.

पाणनळीचं एक टोक माझ्याकडं, एक लिंबाजीकडं.
मधे चाळीस पावलं ऊन.
नळीतलं पाणी वरखाली होतं,
मग ठरतं.
'द्वारके, हालू नको. खूण कर.'
शंभर फुटाला सहा इंच.
जास्त दिला तर चर स्वतःचाच तळ खातो,
कमी दिला तर तुंबून फुटतो, तोही नेमका रात्री.

मोहाच्या झाडापाशी तो थांबला.
'हितं खोदा.'
आखणी तिथून नव्हती.
'हितं कंपनीचा पाइप हाय. मीच पुरला.
वरून कितीबी वळवा,
ह्यो आतून ढिगाऱ्याच्या पोटात नेतो.'
पुरुषभर खाली सिमेंटचा पाइप निघाला,
तोंडात मुळ्यांची जटा, जटेत एक खेकडा.
खेकडा लिंबाजीनं फडक्यात बांधला,
पाइपात काळ्या मातीचा बोळा ठोकला,
वर दगड, वर पुन्हा माती.
अर्धा दिवस गेला.
मोजमापाच्या वहीत त्याला रकाना नव्हता,
म्हणून मजुरीतही नाही.

हस्तातल्या एका रात्री
मी बॅटरी घेऊन वर गेले.
चरातून डोंगराचं लाल पाणी
दगडांना शिव्या देत नाल्याकडं चाललेलं,
आणि खाली, बांधाआड,
ढिगाऱ्याचं आपलं पाणी
राखाडी, बिनआवाजाचं, खड्ड्यात उतरत होतं.
त्याच्या अंगावर सरळ पडतं
त्याला कुठला चर?

फोन वाजला. 'बोळा धरला का?'
मोहाखाली वाकून ऐकलं.
'अजून तरी.'
पलीकडं नुसता खोकला.

उजाडता खड्ड्यात काठी घातली.
गुडघ्याएवढा गाळ.
दिवाळीआधी उपसावा लागेल.
उपसून टाकायचा कुठं,
ते नकाशात
दोन्ही बाजूंनी पाहिलं.