घड्याळाच्या मते

सकाळी सहाला कुओपिओच्या पोहण्याच्या तलावाचं दार मीच उघडतो.
बाहेर उणे एकोणीस, आत पाणी सत्तावीस,
आणि टूलिक्की पायरीवर उभी,
भुवयांना पीठ लागलेलं.
रात्री दोनपासून ती बेकरीत राईचे पाव थापत असते.
मनगटावर मुलीने पाठवलेलं घड्याळ, काळं, जाडजूड,
पट्ट्याच्या भोकांत कणीक वाळलेली.

पहिल्या आठवड्यात दोघांचं पटलं नाही.
तलाव पंचवीस मीटरचा, घड्याळात पन्नास भरलेले.
तासाभरात ती चार किलोमीटर पोहली म्हणे.
मी हसलो. ती नाही हसली.
"एन्सियो, दोन मी पोहले, दोन त्याने घातले पदरचे.
या वयात कोण देतं असं?"
दुसऱ्या दिवशी आकडा बदलून आली, गुपचूप.

मध्येच थांबून गॉगल नीट केला
की घड्याळ एक फेरी जास्तीची धरतं.
भिंतीपाशी हळूच वळली तर एक फेरी खाऊन टाकतं.
एकदा गंमत म्हणून तिने पोहण्याचं बटण दाबून
कणीक मळली.
घड्याळ म्हणालं, सव्वातीनशे मीटर. बटरफ्लाय.
हे सांगताना ती इतकी हसली
की नाकात पाणी गेलं.

मला आकड्यांचं कौतुक नाही.
बावीस वर्षं मी काठावर बसतो आणि डोकी मोजतो.
सात, सात, सात, सहा.
सहा आलं की उठायचं.
एका मार्चमध्ये मी उठायला उशीर केला होता.
मुलगा वाचला. आता ट्रक चालवतो, नाताळला कार्ड येतं.
तरी घरी जेवतानासुद्धा मी मोजतो,
आणि आम्ही दोघंच असतो.

जूनच्या शेवटी कल्लावेसीच्या काठावर शर्यत.
पोहणं, मग सायकल, मग धावणं.
सरोवर अठरा अंश, वारा वायव्येचा,
पिवळ्या टोप्या दोनशे बारा.
मी होडीत.
बाहेर आल्या दोनशे अकरा.
पुन्हा मोजल्या. दोनशे अकराच.
वल्हं माझ्या हातात आहे हे मला कळायला
किती वेळ गेला, ते कुठल्याच घड्याळात नाही.

शेवटच्या नारिंगी फुग्याला मिठी मारून
ती खोकत होती.
"लाट प्यायले," म्हणाली. "चहा असता तर बरं झालं असतं."
होडीला हात लावला नाही. नियम ठाऊक होता तिला.
मग एकेक हात टाकत निघाली,
मी बाजूने, वल्हं न वाजवता,
तिचं डोकं एकसारखं मोजत.
एक. एक. एक.

काठावर मी तिला धरलं, म्हणजे जरा जास्तच धरलं.
त्या भानगडीत ती बटण दाबायला विसरली.
इथे पोहणं संपलं, हे घड्याळाला कुणी सांगितलंच नाही.
ते बापडं पोहतच राहिलं,
सायकलीच्या तंबूतून, लाकडाच्या वखारीवरून,
स्प्रूसच्या रानातून, लाल चर्चला वळसा घालून,
दोन पूल, एक गायींचा कळप,
नव्वद किलोमीटर.
सायकल ठेवताना तिने मनगट पाहिलं
आणि तिथेच बसकण मारली.
घड्याळ तिचं अभिनंदन करत होतं:
पोहण्यातला वैयक्तिक विक्रम.

धावणं तिने चालत पुरं केलं. बक्षीस नाही. सूप मिळालं.

ती नोंद तिने पुसलेली नाही.
परवा सुट्टीच्या खोलीत मला फोनवर दाखवली,
बोटाने मोठी करून.
निळ्या पाण्यात तांबडी रेघ, सरळ,
मग एका जागी गुंतवळ, केसांची असते तशी.
त्या गुंतवळीवर बोट ठेवलं की लहान अक्षरं उमटतात:
चार मिनिटं अकरा सेकंद.
विश्रांती.

"बघ," ती म्हणाली, "मी म्हणे विश्रांती घेत होते."
मी चष्मा काढून पुसला.
बाहेर मुलांचा वर्ग पाण्यात उतरला होता.
चौदा.