नमुना क्रमांक एक्केचाळीस

उद्यमबागेतला परशराम काकतकर
लेथवर स्क्रू काढून देतो मला,
टायटॅनियमचा, साडेतीन मिलिमीटर जाड,
कन्नड पेपरच्या तुकड्यात बांधून, फुटाण्यासारखा.
"एवढंसं हे, मॅडम, आन् मशीनला घाम फोडतंय बघा.
पाणी कमी पडलं की कीस पेटतोय ह्याचा."

मी त्याला लेप देते.
कॅल्शियम, फॉस्फेट, चिमूटभर स्ट्रॉन्शियम,
मग रक्तासारख्या पाण्यात बुडवते,
रक्त नाही त्यात, नुसती रक्तातली मिठं,
सदतीस अंशांवर, चौदा दिवस.
तिसऱ्या गेटवर मालगाडी जाईपर्यंत स्कूटर बंद करून
मी त्या बाटलीचा विचार करते,
विरजण लागलं असेल का, तसा.

चाळीस वेळा लेप सुटला.
चिकटपट्टी लावायची, ओढायची,
पट्टीवर पांढरी पूड.
वहीत लिहायचे: सुटला. सुटला. कडेने सुटला.
एका पानावर नुसतंच 'हं'.

परशराम चहा फुंकत म्हणाला,
"धरत न्हाई म्हणताय? कास्टिंग आलं की
आमी आधी छर्रे मारतोय त्याच्यावर.
गुळगुळीत लोखंड कुणाचंच ऐकत न्हाई."

पुस्तकात हेच होतं. मी वाचलंही होतं.
तरी घासून घासून इतका चकचकीत केला होता आम्ही तो स्क्रू
की त्यात माझं नाक दिसायचं.

मग आम्लात सोडला. काळवंडला.
सूक्ष्मदर्शकाखाली खानापूरच्या जांभ्यासारखा,
भोकाभोकांचा, हट्टी.
एक्केचाळिसावा.
पट्टी ओढली. कोरी आली.
दुसरी पट्टी घेतली, खात्री नव्हती म्हणून नव्हे,
पुन्हा बघायला.

पुस्तकी कन्नडात हाडाला मूळे म्हणतात.
पहिले काही महिने मला वाटायचं
प्राणीगृहातला महांतेश झाडांबद्दल बोलतोय.
त्याची आई एलुबु म्हणते
आणि पुस्तकाला हसते.

ससा क्रमांक सात. बारा आठवडे.
महांतेश त्याला कोथिंबीर आणायचा,
नियमात नव्हती, मी वहीत लिहिली नाही.
त्या दिवशी त्याने रजा घेतली.
स्क्रू उलटा फिरवत गेलो, काटा चढत गेला,
चढत गेला,
आणि तुटलं ते हाड.
जोड तशीच.
सर म्हणाले, आकडा उत्तम आहे.
होताच.
मी हात दोनदा धुतले, आणि डब्यातला भात
तसाच घरी आणला.

रविवारी निपाणीला आत्याकडे.
तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत, सगळे दात गेलेले,
कवळी स्टीलच्या वाटीत, वर बशी झाकलेली,
फक्त पाहुणे आले की तोंडात.
मी पाहुणी नाही.
"झालं काय गं तुझं औषध?"
"औषध नव्हे आत्या, लेप. हाडाला वाटायला पाहिजे,
हे आपलंच आहे म्हणून."
"आन् वाटतंय त्याला?"
"सशाच्या वाटलं."
"मग माझ्या?"
सांगितलं, परवानग्या, कागद, सात-आठ वर्षं.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं, अर्ध्यात सोडलं.
"तोवर मेथी बारीक चिरत जा."

मग तोंड उघडलं. "हात लाव बघू."
बोटाखाली जबड्याची कड,
झिजून झिजून संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखी.
मी तोंडातून बोट काढलं नाही लगेच.
साडेतीन बसणार नाही इथे.
उद्या परशरामला सांगायला हवं:
अजून बारीक.