विहिरींची यादी

दहा रुपयांचं तिकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं
आणि लिहिलं : सतरंजीपुरा झोनमधल्या
सार्वजनिक विहिरी. किती, कुठं, कशा.

एकतिसाव्या दिवशी बेचाळीस पानं.
दोन रुपये पान. पावती जपून ठेवली.

आमच्या बोळीतली, अनुक्रमांक एकोणीस :
'चालू. गाळ काढला.'
तिच्यावर उखर्डूभाऊचं टायरचं दुकान उभं आहे
हे कागदाला कोणी सांगितलं नाही.

मग चक्कीच्या भिंतीवर नकाशा काढला,
खडूनं, पिठाच्या हातानं.
दळणाच्या बाया थांबायच्या :
'हे काहून इकडं? आमची विहीर तं
पिंपळाच्या अंगाला हाये.'
मी पुसायचो, सरकवायचो.

सोनकाबाईंनी अशी एक सांगितली
जी बेचाळीस पानांत नव्हतीच.
तिथं त्यांची बहीण...
पुढं बोलल्या नाहीत.
मी गोल काढला नाही, नुसता ठिपका ठेवला.

मे महिन्यात झोनचा पोरगा आला, घामाघूम.
'टँकर कमी पडून राहिले, काका.
साहेबांना या भिंतीचा फोटो पाहिजे.'

म्हटलं, अर्ज कर.
मग हसलो, पंखा त्याच्याकडं फिरवला.
फोटोत दळणाचे भावही आले.