डिसेंबरचा नंबर

जानेवारीच्या पहिल्या रविवारी
बाराजणी जमतो आम्ही, चरईत, माझ्या फॉल-पिकोच्या दुकानात.
मशीनवर चादर, चादरीवर स्टीलची वाटी, वाटीत बारा चिठ्ठ्या.
हजार-हजाराची भिशी.
चिठ्ठ्या नावालाच. खरा बाजार उघडल्यानंतर भरतो.

जून मागते शाळेची फी असलेली.
ऑगस्टवर वैजयंताचा डोळा, तिच्याकडे गौरी असतात.
ऑक्टोबरसाठी तर रुसवेफुगवे,
आणि मेहरून येताना कॅलेंडरच घेऊन येते,
तिची ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते.

डिसेंबर कुणालाच नको असतो.
पंगतीत उरलेल्या कडेच्या पाटासारखा
तो आपोआप माझा.
रुझार म्हणतो, सगळ्यांचं झाल्यावर तुझं, येडी आहेस हिल्डा.
मी म्हणते, हिशेब बघ.
पहिला नंबर म्हणजे कर्ज, शेवटचा म्हणजे बचत.
रक्कम तीच,
झोप वेगळी.

तशी मी नाताळाच्या मागे उन्हाळ्यापासूनच असते.
बेदाणे दिवाळीआधी महागतात, म्हणून जुलैतच घेते,
रममध्ये बुडवून बरणी कॉटखाली, रुझारपासून लांब.
एल्रॉयचे बूट सेलमध्ये, एक नंबर मोठे,
पाय तोवर वाढेल या भरवशावर.
यंदा पाय दोन नंबर वाढला.

मग ऑक्टोबर.
पैठण्या, इरकली, सुरतच्या गठ्ठ्याने आलेल्या सिंथेटिक,
रात्री एकपर्यंत सुई चालते.
दुसऱ्यांच्या दिवाळीला फॉल लावून लावून
माझा नाताळ उभा राहतो,
त्यातला दर दहावा रुपया बोर्नव्हिटाच्या डब्यात.

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी जांभळी नाका.
कंदीलवाले उरलेला माल पोत्यात कोंबत असतात,
तेव्हा मी चांदणीच्या आकाराचा कंदील मागते.
अडीचशेचा ऐंशीला.
तो विचारतो, ताई, आता कशाला?
मी म्हणते, माझी दिवाळी लेट आहे.

यंदा डिसेंबरात वाटीत दहाच हजार आले.
अकरावे माझे स्वतःचे.
कुमुदिनीच्या नवऱ्याचा कारखाना
वागळे इस्टेटमधला, नोव्हेंबरात बंद पडला.
आठ तारखेला ती आली. लग्नाचं आहेराचं पाकीट,
त्यावरचं जुनं नाव खोडलेलं, आत चारशे.
म्हणाली, बाकीचे संक्रांतीपर्यंत.
खुर्चीवर बसली नाही.

मी वही उघडली.
केकची ऑर्डर दीड किलोवरून एक.
माझ्या सँडल्स, ज्या गोखले रोडच्या काचेत
गेले दोन महिने मला बघून घेत होत्या,
त्यांच्यावर रेघ.
रेघ मारताना राग आला, खोटं का सांगू.
तिचा नाही. पण कुणाचा तेही कळेना.

वीस तारखेला दुपारी ती परत आली,
पदराखाली करंजीची कातण.
म्हणाली, हात तर आहेत.
आम्ही दोघींनी फणीवर कुलकुल वळली,
मग न्योऱ्या. तिच्या काठाला माझ्यापेक्षा बारीक मुरड.
नारळाच्या भावावर बोललो, तिच्या जावेवर बोललो,
पैशांवर अवाक्षर नाही.
जाताना डबा भरून दिला
आणि दारात सांगितलं,
सहाशे येणे आहेत ते आहेत, कुमुदिनी, संक्रांतीला दे.
ती हसली. पहिल्यांदाच मोकळी हसली.
माफ केलं असतं तर
बहुतेक पुन्हा आली नसती.

संध्याकाळी रुझारने चांदणी टांगली.
एका पाकळीवर छापलेलं, शुभ दीपावली.
दीपावलीवर मी चंदेरी कागद चिकटवला होता,
शुभ तसंच ठेवलं.
बल्ब लावला तर
कागदातून सगळी अक्षरं आरपार.
एल्रॉय म्हणाला, मम्मी, लोक हसतील.

चर्चला जाणाऱ्या वाटेवर
वैजयंता थांबली, मान वर करून वाचलं,
आणि म्हणाली,
अगं, हा आमच्याकडचाच ना? कितीला घेतलास?
ऐंशी म्हटल्यावर
तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.