सूचक, अनुमोदक

एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो.
हातपंपाचा वायसर बदलायचा तरी
सात दिवस आधी नोटीस, चावडीवर डकवून,
संध्याकाळी कोतवालाची दवंडी,
कोरम भरला नाही तर सभा तहकूब.
कोंडवाड्याचं कुलूप घ्यायला
एकदा तीन सभा लागल्या.

तापीकाठच्या त्या गावात विषय होता कमानीचा.
मे महिना, छेचाळीस अंश.
उखर्डू भारंबे, शिपाई, परमुलखात कामी आला.
कोणाच्या कामी, ते पत्रात नव्हतं.
आधीची दोन गेली म्हणून
मायनं त्याला जन्मताच उकिरड्यावर लोळवलं होतं,
नाव ऐकून मरणानं नाक मुरडावं.
मरणानं मुरडलंही असेल.
दिल्लीनं नाही मुरडलं.

समुद्रापलीकडचं बेट, तिथल्या दोन घरांचं भांडण.
दुसऱ्याच्या भाऊबंदकीत काठी घेऊन शिरू नये
हे इथं तंटामुक्ती येण्याच्या कितीतरी आधीपासून
शेंबड्या पोरालाही ठाऊक.

सरपंच म्हणाले, सूचक? एक हात.
अनुमोदक? दुसरा.
मी पेन उघडलं,
तेवढ्यात बायांतून कौतिकबाई उठल्या.
"भाऊ, कमानीले हात वर करता,
माह्या पोऱ्याले धाडलं तव्हा कोनी केले व्हते?
त्या वहीचं पान दाखवा."

वरणगावच्या कारखान्याचा भोंगा झाला.
सभेतले निम्मे तिथलेच,
पितळेच्या पुंगळ्या मोजणारे, पगारी, सज्जन.
कोणी घड्याळाकडे पाहिलं, कोणी चपलेकडे.

मी काय दाखवणार होतो?
पलटणीची गाडी भुसावळला पाणी भरून पुढं गेली,
मग रेडिओनं सांगितलं.
आमचे खासदार त्या दिवशी दिल्लीत होते
की केळीच्या भावाच्या बैठकीत,
कोणालाच आठवेना.

ठराव तिनंच मांडला.
ती बोलत गेली, मी शुद्ध करत गेलो:
परक्या देशी फौज धाडण्याआधी सभागृहानं बसावं,
दिवसाउजेडी, एकेकाचं नाव पुकारून.
हो म्हणणाऱ्यानं उभं राहून हो म्हणावं,
आणि त्याचा स्वतःचा पोरगा सध्या कुठं आहे
तेही नावापुढं लिहावं.

शेवटची ओळ मी गाळली.

अनुमोदक रुमाल कोळी, केळीचे घड वाहणारा.
विरोधात कोणी नाही. सरपंच तटस्थ.

महिन्याभरानं पंचायत समितीतून कागद परत आला,
लाल शाईत:
सदर विषय ग्रामपंचायतीच्या अधिकारकक्षेत येत नाही.
कोणाच्या येतो, ते लिहिलं नव्हतं.

कमान झाली. वर अक्षरं: शहीद उदय भारंबे.
उखर्डू बरं दिसत नाही म्हणाले.
कौतिकबाई तिच्याखालून जात नाहीत,
पांदीनं वळसा घालतात, डोक्यावर भारा असला तरी.

मला पाहून थांबतात, पेन्शन वेळेवर येते का विचारतात.
त्या ओळीचं त्यांना अजून माहीत नाही.
वाचता येत नव्हतं त्यांना.
अंगठा मीच धरून उठवला होता.